मुलाला नंबरचा गॉगल घेताना पैसे कशावर घालायचे

बेळगावात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ऑगस्टातला दिवस बहुधा ढगांत जातो, पण मेमधल्या भर दुपारी लेले मैदानावर ठोकलेल्या स्टंपला नावालाही सावली उरत नाही. निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर, सगळीकडे तीच गत. नेमकी याच दिवसांत शाळांना सुट्टी असते आणि मुलं सकाळपासून उन्हात असतात. त्यातलं एखादं चष्मेवालं मूल डोळे बारीक करत घरी येतं, मग आई-बाबा दुकानात येऊन विचारतात, "याला नंबरचा गॉगल होतो काय ओ? फार महाग नको."

होतो की. आणि तो महाग असायलाच हवा असं अजिबात नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझ्या पाहण्यात पालक कमी पैसे घालतात ही अडचण क्वचितच असते. अडचण ही असते की पैसे काचेच्या काळेपणावर आणि फ्रेमवरच्या नावावर जातात, आणि डोळा ज्या गोष्टींनी खरोखर सांभाळला जातो त्यांबद्दल कुणी विचारतच नाही. म्हणून त्या गोष्टींबद्दल जरा सविस्तर लिहिते.

काळी काच आणि संरक्षण

उन्हात दोन गोष्टी असतात. एक आपल्याला दिसणारा उजेड, ज्याने डोळे दिपतात. दुसरी न दिसणारे अतिनील किरण, ज्यांना दुकानात सगळे 'यूव्ही' म्हणतात. प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश डोळ्याला दिसतो, त्याच्या खालचा म्हणजे यूव्ही. त्यातले सगळ्यात घातक किरण हवेतला ओझोन वरच्यावर अडवतो. उरलेले, म्हणजे यूव्ही-ए आणि काही प्रमाणात यूव्ही-बी, खाली आपल्यापर्यंत येतात.

काचेला दिलेला रंग पहिल्या गोष्टीवर काम करतो. तो उजेड कमी करतो, एवढंच. यूव्ही अडवायचं काम काचेच्या मूळ पदार्थाचं किंवा त्यात मिसळलेल्या, त्यावर चढवलेल्या वेगळ्या द्रव्याचं असतं, आणि ते द्रव्य रंगहीन असू शकतं. म्हणजे अगदी पांढरी (बिनरंगी) काच पूर्ण यूव्ही अडवू शकते आणि कोळशासारखी काळी काच बरेचसे यूव्ही आत सोडू शकते.

ही दुसरी काच नुसती निरुपयोगी नाही, ती गॉगल न घालण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. उघड्या डोळ्यांनी उन्हात गेलं की बाहुली आकसते, पापण्या मिटत येतात, आणि आत जाणारे किरण आपोआप कमी होतात. काळ्या काचेमागे अंधार असल्यामुळे बाहुली मोठी होते, डोळे सताड उघडे राहतात, आणि काचेतून निसटलेल्या यूव्हीला आत जायला जास्त वाव मिळतो. विरलेल्या काळ्या कापडाची छत्री जशी, सावली पडते पण पाऊस डोक्यावरच गळतो.

मुलांच्या बाबतीत हे जास्त मनावर घ्यायला हवं, कारण मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं. मोठ्या माणसाचं भिंग वयानुसार पिवळट होत जातं आणि बराच यूव्ही स्वतःच शोषतं. लहान मुलाच्या डोळ्यात त्यातला जास्त वाटा आतल्या पडद्यापर्यंत पोचू शकतो. शिवाय यूव्हीचा परिणाम वर्षानुवर्षं साठत जातो. मोतीबिंदूच्या कारणांपैकी ते एक आहे. बुबुळावर नाकाच्या बाजूने मांसल पडदा चढतो, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, त्याचाही उन्हाशी संबंध आहे. ऊस-तंबाखूच्या शेतात जन्म गेलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत तो पाहिला असेल तुम्ही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर यूव्ही निर्देशांक ३ झाला की काळजी घ्यायला सुरुवात करा असं सांगितलं आहे, आणि ११ व त्यापुढे 'अतितीव्र' ही सगळ्यात वरची पायरी. आपल्या भागात उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी ११ ओलांडणं ही नेहमीची गोष्ट आहे. मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर हा आकडा रोज दिसतो. बेळगावची हवा थंड असते म्हणून ऊन सौम्य असं समजू नका. गारवा आणि यूव्ही यांचा संबंध नाही, आणि आपण समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचीवर आहोत त्याने यूव्ही थोडा वाढतोच.

म्हणून दुकानात गेल्यावर "डार्क दाखवा" हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य, "यूव्ही ४०० आहे काय?" यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, अर्थात जवळपास सगळे अतिनील किरण अडवणारी काच. "शंभर टक्के यूव्ही" असंही लिहिलेलं असतं, अर्थ तोच. तोंडी "आहे की" यावर थांबू नका, काचेच्या पाकिटावर ते छापलेलं असतं, ते पाकीट मागून बघा. नंबरच्या काचा पाकिटातून येतात आणि त्यावर काचेचा प्रकार, नंबर, कोटिंग हे सगळं असतं.

इथे एक सावधगिरी. काही ठिकाणी गिऱ्हाइकाला पटवायला एक छोटी टॉर्च काचेवर मारून दाखवतात. जांभळा ठिपका साध्या काचेतून पार होतो आणि 'भारी' काचेतून होत नाही. तो ठिपका तुम्हाला दिसतोय, याचाच अर्थ तो यूव्ही नाही, दिसणाऱ्या प्रकाशातला जांभळा-निळा भाग आहे. त्या खेळातून काच निळा प्रकाश किती अडवते तेवढं कळतं. ती टॉर्च मुलाच्या डोळ्याकडे तर कधीच वळू देऊ नका. बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं, काच त्यात ठेवली की किती टक्के यूव्ही पार होतो ते दिसतं. तेच मागा.

घरी ढोबळ तपासणी करायची तर नोटा तपासायचा यूव्ही दिवा उपयोगी पडतो. पाचशेच्या नोटेवरचे आकडे त्या दिव्याखाली चमकतात. दिवा आणि नोट यांच्या मध्ये काच धरा आणि नोटेकडे काचेतून नव्हे तर बाजूने बघा. चमक तशीच राहिली तर तो गॉगल मुलाला घालू नका. चमक गेली म्हणजे पूर्ण खात्री झाली असं मात्र नाही, कारण असा दिवा यूव्हीच्या एका छोट्या पट्ट्याचाच असतो. जत्रेत घेतलेले गॉगल या तपासणीला जरूर लावून बघा. चिंचलीच्या किंवा सौंदत्तीच्या जत्रेत पोराने हट्ट केला तर रंगीत गॉगल घेऊन द्यावा, फोटो काढावा. उन्हात खेळायला तो नको.

आधी डोळे तपासा, मग दुकान

गॉगलचा नंबर वेगळा नसतो. रोजच्या चष्म्याचा जो नंबर तोच गॉगलचा. म्हणून जवळ ताजी चिठ्ठी हवी. मुलांचा नंबर लवकर बदलतो, त्यामुळे सहा महिने ते वर्षाच्या आतली चिठ्ठी असेल तरच त्यावर काच बनवा. जुन्या चष्म्यावरून नंबर काढून गॉगल बनवणं म्हणजे जुनीच चूक नव्याने विकत घेणं.

मुलांचे डोळे तपासताना डॉक्टर थेंब घालतात, याला कंटाळू नका. मूल जवळ बघण्यासाठी डोळ्यातले स्नायू फार जोरात ताणू शकतं, आणि त्या ताणामुळे मशीनवर भलताच नंबर येतो. थेंबांनी ते स्नायू सैल पडतात आणि खरा नंबर कळतो. लहान मुलांना काही वेळा अ‍ॅट्रोपीनचं मलम दोन-तीन दिवस घालायला देतात. त्याचा परिणाम आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त टिकतो, बाहुल्या मोठ्या राहतात, जवळचं पुसट दिसतं, ऊन सोसत नाही. आपल्याकडे कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रापेक्षा आधी. हे लक्षात घेऊन तपासणी एप्रिलमध्येच करून घेतलेली बरी, म्हणजे थेंबांचा असर ओसरायला, नंबर पक्का व्हायला आणि चष्मा तयार व्हायला वेळ मिळतो. दसऱ्याची सुट्टीही चालते.

चिठ्ठीवर एसपीएच म्हणजे गोल नंबर, सीवायएल म्हणजे तिरका नंबर, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो तिरका नंबर किती अंशावर बसवायचा ते. चौथी गोष्ट पीडी, दोन बाहुल्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. ती बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, दुकानात मोजतात. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोर यायला हवा, म्हणून पीडी लागते. मुलाचं डोकं वाढतं तशी पीडीही वाढते, त्यामुळे मागच्या वर्षीची चालत नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर पीडी आधी जवळच्या दुकानात मोजून घ्या. घरी पट्टी लावून चुळबुळ करणाऱ्या मुलाची पीडी मोजली तर दोन-तीन मिलिमीटर सहज चुकतात, आणि नंबर मोठा असेल तर तेवढ्यानेही डोकं दुखायला लागतं.

आता पैशांशी थेट संबंध असलेली गोष्ट. प्रत्येक चष्मेवाल्या मुलाला नंबरचा गॉगल लागतोच असं नाही. उणे अर्धा-पाऊण असा बारीक नंबर असेल, तर मैदानावर तासभर खेळताना मुलांच्या मापाचा साधा यूव्ही ४०० गॉगल चालेल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. बऱ्याचदा होय म्हणतात. पण अधिक (प्लस) नंबरामुळे ज्याचे डोळे आत वळतात, किंवा ज्याचा एक डोळा कमजोर असून त्यावर उपचार चालू आहेत, अशा मुलाला बिननंबरी गॉगल बिलकूल नको. त्याच्यासाठी चष्मा हाच उपचार आहे. उन्हात तो उतरवून फॅन्सी गॉगल घातला की तेवढा वेळ डोळा पुन्हा आत वळतो, कमजोर डोळा आळशीच राहतो. या मुलांच्या नंबरच्या गॉगलवर खर्च करा, बाकी काही कमी करावं लागलं तरी.

आणि एखादं मूल अचानक उजेड टाळायला लागलं, डोळे चोळतं, लाल होतात, पाणी येतं, तर गॉगल घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आपल्याकडच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात मुलांना डोळ्यांची अ‍ॅलर्जी फार होते आणि तिला औषध लागतं. अगदी तान्ह्या बाळाला उजेड सोसत नसेल, डोळ्यातून सतत पाणी येत असेल आणि बुबुळ मोठं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. ते काचबिंदूचं लक्षण असू शकतं, आणि काचबिंदू बाळांनाही होतो.

काच कुठली घ्यायची

आपण 'काच' म्हणतो खरं, पण मुलाच्या चष्म्यात खरी काच कधीच बसवायची नाही. फुटली की तुकडे डोळ्यात. प्लास्टिकच्या काचांमध्ये दोन नावं तुम्हाला ऐकू येतील. सीआर-३९ आणि पॉलिकार्बोनेट.

सीआर-३९ ही साधी, स्वस्त फायबरची काच. दिसायला स्वच्छ, रंग छान धरते. गरम रंगाच्या द्रवात बुडवून तिला हवा तेवढा रंग देता येतो, म्हणून नंबरचा गॉगल करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. पण ती स्वतःहून सगळा यूव्ही अडवत नाही, वरचा पट्टा निसटतो. त्यामुळे रंगाबरोबर यूव्हीचंही द्रव्य चढवलंय का, हे विचारावंच लागतं.

पॉलिकार्बोनेटला मुलांच्या बाबतीत माझी पहिली पसंती आहे. चेंडू लागला, पडलं, तरी ती सहजासहजी फुटत नाही, आणि मूळ पदार्थच जवळपास सगळा यूव्ही अडवतो. वजनाला हलकी. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वरून हार्ड कोट असावा लागतो, तो बहुतेक येतोच. तिला रंग देणं मात्र सीआर-३९ इतकं सोपं नाही. मूळ पदार्थ रंग पीत नाही, वरच्या कोटात जेवढा मुरेल तेवढाच, त्यामुळे गडद छटा जमवणं कठीण जातं आणि दुकानदार बहुधा तयार रंगीत काच मागवतो. म्हणून थोडा जास्त वेळ आणि जास्त पैसे. क्रिकेट, कबड्डी खेळणाऱ्या, सायकल उडवणाऱ्या मुलासाठी ते पैसे मला योग्य वाटतात. ज्याचा एकच डोळा चांगला आहे, त्या मुलासाठी तर पॉलिकार्बोनेटशिवाय दुसरं काही घेऊच नये.

रंग किती गडद हवा? गॉगलच्या काचांच्या ० ते ४ अशा पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीची काच १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, तिसरी ८ ते १८ टक्के. आपल्या उन्हाला मुलांसाठी दुसरी किंवा तिसरी पुरते. चौथी बर्फाच्या डोंगरासाठी, ती घालून रस्त्यावर वाहन चालवायलाही मनाई असते, मुलाच्या नाकावर तिचं काहीच काम नाही. रंगात राखाडी किंवा तपकिरी घ्या. राखाडीतून सगळे रंग जसेच्या तसे दिसतात. निळे, गुलाबी, जांभळे फोटोत छान दिसतात, पण त्यांतून रंग बदललेले दिसतात.

काउंटरवर नेहमी गडबड होते ती अँटिग्लेअर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणाऱ्या कोटिंगची. एकदा काचेवर हे कोटिंग चढलं की तिला नंतर रंग देता येत नाही. "आधी पांढरी बनवून घेऊ, आवडली नाही तर रंग देऊ" असं ठरवून आलात तर काच वाया जाईल. रंग हवा की नको हे ऑर्डर देतानाच पक्कं करा.

पोलराइज्ड काच पाण्यावरून, ओल्या किंवा तापलेल्या रस्त्यावरून येणारी झळाळी कापते. मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवली की एका कोनात स्क्रीन काळी पडते, ती तिची खूण. छान असते, पण महाग असते, आणि पोलराइज्ड आहे म्हणजे यूव्ही आहेच असं नाही. मुलासाठी ती चैन समजा. 'ब्लू कट'चंही तेच. मोबाइल-टीव्हीच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात म्हणून ते गळ्यात मारलं जातं, पण अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना अशा चष्म्यांची शिफारस करत नाही. ते पैसे वाचवा आणि पॉलिकार्बोनेटकडे वळवा.

वेगळा गॉगल, उन्हात काळी होणारी काच, की क्लिप

उन्हात काळी होणारी आणि घरात पांढरी होणारी काच, म्हणजे फोटोक्रोमिक, एकाच चष्म्यात दोन्ही कामं करते. मूल चष्मा बदलायला विसरतं, एक जोड शाळेच्या बाकात राहतो, दुसरा घरी. त्या दृष्टीने एकच जोड असणं ही मोठी सोय. काळी असो वा पांढरी, ती यूव्ही अडवतेच. महाग वाटली तरी दुसरी फ्रेम लागत नाही, म्हणून दोन जोडांच्या एकूण खर्चाशी तिची तुलना करा, एकट्या पांढऱ्या चष्म्याशी नको.

तिच्या मर्यादाही ठाऊक असू द्या. ती यूव्हीमुळे काळी होते, आणि गाडीची पुढची काच बराचसा यूव्ही अडवते, त्यामुळे कारमध्ये ती नीट काळी होत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना मूल पुढे बसलंय आणि डोळे दिपताहेत, तिथे ती फारशी उपयोगाची नाही. कडक उष्म्यातही ती कमी काळी होते. अथणी, रायबागकडच्या एप्रिलमधल्या दुपारी ती जेवढी होईल, त्यापेक्षा बेळगावच्या थंडीतल्या उन्हात जास्त गडद होईल. मैदानावरून वर्गात आल्यावर पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ फळा अंधारा दिसतो, हे शिक्षकांना सांगून ठेवा. दोन-तीन वर्षांत तिचा गुण मंदावतो, पण तोवर मुलाचा नंबर बदललेलाच असतो.

खरोखर कमी पैशात काम हवं असेल, तर क्लिप. रोजच्या चष्म्यावर अडकवायची किंवा चुंबकाने चिकटणारी रंगीत काच. नंबर खाली चष्म्यात आहेच, म्हणून क्लिपला नंबर लागत नाही आणि नंबर बदलला तरी फ्रेम तीच ठेवली तर क्लिप तीच चालते. चुंबकाच्या क्लिपसह येणारी मुलांची फ्रेम मिळते, त्यात क्लिपचा आकार फ्रेमला बरोबर बसतो. सुटी, चिमट्याची क्लिप वर-खाली हलते, काचेवर ओरखडे पाडते, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर. यूव्ही ४०० चा प्रश्न क्लिपलाही विचारायचाच, आणि खालचा पांढरा चष्माही यूव्ही अडवणारा असेल तर मग काळजीच नाही.

मला विचाराल तर आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला पॉलिकार्बोनेटचा पांढरा चष्मा, त्यावर चुंबकाची क्लिप आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी, एवढं पुरे. टोपीला कमी लेखू नका. वरून आणि बाजूने येणारं ऊन कुठलाही गॉगल पूर्ण अडवत नाही, टोपी अडवते. मोठ्या मुलाला, जे स्वतःचा चष्मा सांभाळतं आणि रोज दोन-तीन तास मैदानावर असतं, वेगळा रंगीत जोड करून द्या. गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूवरून सुमारे १५ टक्के आणि लाटांच्या फेसावरून सुमारे २५ टक्के यूव्ही उलटून येतो, तिथे तो जोड टोपीइतकाच महत्त्वाचा.

काही पालकांना उलटी भीती असते, ऊन वाईट म्हणून मुलाला घरातच ठेवायचं. तसं करू नका. रोज दोनेक तास उघड्यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये उणे नंबर लागायचं प्रमाण कमी असतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. उजेड लक्समध्ये मोजतात. वर्गात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार आणि उन्हात लाखापर्यंत. गॉगल-टोपी घालूनही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी आणि संध्याकाळी चारनंतर खेळू द्या, भर दुपारी गॉगल-टोपी.

फ्रेम, बिल आणि घरी नेण्याआधी

मुलाला "वाढत्या अंगाची" फ्रेम घेऊ नका. सैल चष्मा नाकावरून घसरतो, मूल वरून बघायला लागतं आणि नंबरही वाया, यूव्हीचं संरक्षणही वाया. फ्रेमच्या काडीवर आतून तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४६, १६, १३०. काचेची रुंदी, नाकाच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. आत्ता बसणाऱ्या चष्म्याचे आकडे लिहून ठेवा, ऑनलाइन बघताना तेच कामाला येतात. बाहुली काचेच्या साधारण मध्ये यायला हवी, पापण्या काचेला लागता कामा नयेत, आणि मूल खळखळून हसलं तरी गालांनी चष्मा वर उचलला जाऊ नये. मोठ्यांच्या गॉगलसारखी खूप वळलेली फ्रेम नंबरला वाईट, कडेने वाकडं दिसतं. उणे नंबर मोठा असेल तर छोटी, गोलसर फ्रेम घ्या, काचेची कड पातळ राहते. स्प्रिंगची बिजागरी आणि मागे अडकवायचा रबरी पट्टा यांवर थोडे पैसे गेले तर जाऊ द्या.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर, त्यात नंबरचा गॉगलही आला, जीएसटी ५ टक्के आहे. बिननंबरी गॉगलवर १८ टक्के. बिल करताना नंबरच्या गॉगलला साधा गॉगल म्हणून लावलं तर तुम्ही उगीच १३ टक्के जास्त देता, म्हणून बिलावर नंबरचा उल्लेख असू द्या. दर देशभर सारखाच, त्यामुळे कोल्हापूर, मिरज किंवा गडहिंग्लजला गेलं म्हणून करात काही वाचत नाही. किंमत कमी मिळाली तर जरूर घ्या, पण मुलाच्या चष्म्याची काडी महिन्यात वाकते, नोजपॅड पडतो. ते नीट करायला चालत जाता येईल असं दुकान असलं तर बरं.

बिलात फ्रेम, काच आणि कोटिंग यांचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. एकरकमी "ऑफर"मध्ये पैसे कुठे गेले ते कळत नाही. पांढऱ्या चष्म्यावर बचत करायची एक वाट सरकारी आहे. शाळेतल्या तपासणीत ज्यांना नंबर निघतो त्या मुलांना राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मे देतात. शाळेत मुख्याध्यापकांकडे किंवा तालुका रुग्णालयातल्या डोळ्यांच्या विभागात चौकशी करा. रोजचा चष्मा तिथून मिळाला तर हातचे पैसे उन्हाच्या जोडाला लावता येतात. जुन्या चष्म्याची फ्रेम चांगली असेल आणि अजून बसत असेल तर तिच्यातच रंगीत काचा बसवून घ्या, नवी फ्रेम हवीच असं नाही.

गॉगल घ्यायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. दुकानदाराला लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, दोन्ही काचांचा नंबर लावून चिठ्ठीशी जुळवून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही. गॉगल पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही काचांची छटा सारखी आहे का बघा. मग मुलाला बाहेर रस्त्यावर नेऊन लांबची पाटी वाचायला सांगा, पायऱ्या उतरायला सांगा. जमीन वर-खाली वाटते म्हणालं तर दोन-चार दिवस सवयीला द्या. त्यानंतरही तसंच म्हणत असेल तर परत न्या, पीडी किंवा अ‍ॅक्सिस चुकलेला असू शकतो. घरी नेल्यावर शर्टाच्या टोकाने पुसायची सवय लागू देऊ नका, धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. नळाच्या पाण्याखाली धरून मऊ कापडाने टिपायचा. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, त्या उष्णतेने कोटिंगला बारीक भेगा पडतात आणि मग नवी काच घेण्यावाचून इलाज राहत नाही.